ठेकेदार रंगारी की कंपनीची रंगसेवा? दोन बीएचकेचा फुटाफुटाचा हिशेब

हिशेबवही
दिवाळीच्या आधी दरवर्षी हाच प्रश्न येतो: सुटा (स्वतःच ठेका घेणारा) रंगारी २२ रुपये चौरस फूट सांगतो, कंपनीची सेवा ३० रुपये सांगते, मग वरचे ८ रुपये कशाचे? उत्तर सहसा 'ब्रँडचे' असं मिळतं. ते अर्धवट आहे, म्हणून मांडूनच दाखवतो. चूक दिसेल तिथे दुरुस्त करा.

घर धरू या पुणे-ठाण्यातलं, ६५० फूट कार्पेट. घरात सामान आहे, जुना रंग प्लास्टिक इमल्शनचा आहे, ओल नाही. रंगवायचं क्षेत्र साधारण २,२०० चौरस फूट: भिंती १,५५० आणि छत ६५०.

मजुरी मी हजेरीत (एका माणसाचा एक दिवस) धरतो, फुटात नाही. घासणी, पोपडे काढणं, भेगा भरणं, लांबीचे (खळगे भरायच्या लगद्याचे) पॅच आणि पॉलिश पेपरने घासणं मिळून ७ हजेऱ्या. प्रायमरचा एक हात (थर), ३. रंगाचे दोन हात, ७. सामान हलवणं, प्लास्टिक टाकणं, टेप आणि शेवटची साफसफाई, ३. दारं आणि ग्रिलला ऑइलपेंट, ४. एकूण २४. सरासरी हजेरी १,००० रुपये धरली (कारागिराला जास्त, बिगाऱ्याला कमी) तर २४,००० रुपये.

माल: प्रायमर २० लिटर २,६००, छताचा रंग १० लिटर १,८००, भिंतींचं इमल्शन २४ लिटर ९,६००, पुट्टीच्या ४० किलोच्या दोन गोण्या १,८००, ऑइलपेंट ४ लिटर १,२००, पेपर-टेप-प्लास्टिक-क्रॅकफिलर १,५००. बेरीज १८,५००. भाव हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या दुकानाचे टाकून पाहा.

माल अधिक मजुरी ४२,५००. ठेकेदार स्वतःचे ६,००० धरतो आणि ४८,५०० सांगतो, म्हणजे २२ रुपये फूट. कंपनी त्याच ४२,५०० वर पाहणी, सुपरवायझर, जाहिरात, विमा, वॉरंटीची तरतूद आणि नफा मिळून ३० टक्के, म्हणजे १२,७५० चढवते. झाले ५५,२५०. त्यावर १८ टक्के जीएसटी ९,९४५. एकूण ६५,१९५, म्हणजे २९.६० रुपये फूट.

फरक १६,६९५, आणि त्यातला निम्म्याहून जास्त नुसता कर. हातात पत्रा (पुट्टी ओढायची पातळ पट्टी) धरणारा माणूस दोन्हीकडे जवळजवळ तोच असतो, कारण कंपनीसुद्धा काम ठेकेदारांच्या टोळ्यांकडूनच करून घेते.

जमाखर्च
मांडणी चांगली आहे, पण कराच्या ओळीत एक गफलत आहे. तुमच्या १८,५०० च्या मालात १८ टक्के जीएसटी आधीच आहे: १५,६७८ मूळ किंमत आणि २,८२२ कर. सुट्या रंगाऱ्याची जीएसटी नोंदणी नसते (सेवेसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर लागतही नाही), त्यामुळे हे २,८२२ त्याच्या दरात मुरतात. नोंदणी असलेली कंपनी त्याची वजावट घेते, म्हणजे तेवढी रक्कम स्वतः भरायच्या करातून वळती करते. म्हणजे तिचा खर्च ३९,६७८, वर तुमचेच १२,७५०, झाले ५२,४२८. त्यावर कर ९,४३७. एकूण ६१,८६५, म्हणजे २८ रुपये फूट. फरक १३,३६५ उरतो.

२८ च्या वरचा दर सांगणाऱ्या कंपनीशी घासाघीस करायला हा मुद्दा कामाचा आहे. मालाचा कर तिला परत मिळतोय, तो दरात दिसला पाहिजे.

दुकान किंवा ऑफिस रंगवायचं असेल आणि तुमचा धंदा जीएसटीत नोंदलेला असेल तर चित्रच बदलतं. दुरुस्ती-देखभालीचा खर्च म्हणून वहीत टाकला (इमारतीच्या किमतीत चढवला नाही) तर ९,४३७ ची वजावट तुम्हालाही मिळते. मग तुलना ५२,४२८ विरुद्ध ४८,५०० अशी होते. चार हजारांच्या फरकासाठी बिल नसलेलं काम घेण्यात काहीच अर्थ नाही. उलट रोख दिलेले पैसे खर्चात दाखवताना अडचण येते.

राहत्या घराला वजावट नाही. तिथे सुट्या रंगाऱ्याचा फायदा खरा आहे.

टेप_आणि_वही
दर २२ की २८ यावर लोक तासभर बोलतात आणि फूट किती धरले हे विचारत नाहीत. पैसे तिथेच जातात.

'कार्पेट गुणिले साडेतीन' हा नाक्यावरचा ठोकताळा. सरासरीला चालतो, खोलीला चालत नाही. १२ बाय १० ची बेडरूम घ्या, उंची साडेनऊ. घेर ४४, गुणिले ९.५ म्हणजे ४१८, अधिक छत १२०, झाले ५३८. दार २१ आणि खिडकी २० वजा केली की ४९७. म्हणजे चारपटीच्या वर. आता २० बाय ११ चा हॉल. घेर ६२, भिंती ५८९, छत २२०, झाले ८०९. गॅलरीचं सरकतं दार ४२, मुख्य दार २४, पॅसेजचं तोंड २८ वजा केलं की ७१५, म्हणजे सव्वातीनपट. किचनमध्ये ओट्यावरच्या टाइल्स आणि बाथरूममध्ये सात फुटांपर्यंतच्या टाइल्स वजा गेल्या की पट आणखी उतरते.

त्यामुळे ठेका देण्याआधी खोलीवार तक्ता करा: घेर, उंची, छत, वजावट. भिंतीत बसवलेल्या कपाटामागची जागा कुणीही रंगवत नाही, ती वजा व्हायला हवी. सात फूट उंच आणि आठ फूट रुंद कपाट म्हणजे ५६ फूट. लेझर टेपने मोजणारी कंपनीसुद्धा कपाट भिंत म्हणून धरते का, हे मोजमापाच्या पानावर बघा. ते पान मागितलं की देतात. सुट्या रंगाऱ्यासोबत मोजमाप दोघांनी मिळून घ्यायचं आणि कागदावर दोघांच्या सह्या. काम झाल्यावर मोजायला घेतलं की वाद ठरलेलाच.

दार-खिडकीची वजावट पूर्ण की अर्धी हेही आधी बोला. 'बाजूच्या फाका रंगवतो म्हणून वजावट नाही' असं रंगारी म्हणतो (फाका म्हणजे दार-खिडकीच्या खाचेच्या आतल्या बाजू) आणि त्यात तथ्य आहे: खिडकीच्या फाकेला कटिंगचं, म्हणजे ब्रशने कडा काढायचं, काम सपाट भिंतीपेक्षा जास्त असतं. फाका वेगळ्या मोजा आणि वजावट पूर्ण धरा, दोघांनाही पटतं.

बादली२०
मालाबद्दल. रंगाच्या आणि पुट्टीच्या बऱ्याच पॅकमध्ये रंगाऱ्यासाठी टोकन किंवा स्कॅन करायचा कोड असतो. त्याचे पॉइंट किंवा पैसे रंगाऱ्याच्या खात्यात जातात. ही चोरी नव्हे, कंपनीनेच ठेवलेली सोय आहे. पण तिचा परिणाम हिशेबात धरावा लागतो: 'मालासकट' ठेका दिला की कुठला ब्रँड आणि किती डबे हे ठरवताना टोकनाचं वजन पडतं. माल तुम्ही आणला तर टोकन रंगाऱ्यालाच द्या आणि तसं आधी सांगा. तो मालाच्या बाबतीत तुमच्या बाजूने राहतो.

दुसरं, टिंटिंगचा बेस, म्हणजे ज्यात छटा मिसळतात तो मूळ रंग. मशीनवर छटा बनवायची असते म्हणून बेसचे डबे पूर्ण भरलेले नसतात. २० च्या बादलीत बहुतेक वेळा १८ च्या आसपास, ४ च्या डब्यात ३.६. फिकट छटेला रंगद्रव्य थोडंच पडतं, त्यामुळे '२० अधिक ४' घेतलं तर हातात २२ लिटरच्या आसपास येतात. १,५५० फूट भिंतींना दोन हात, लिटरला ६५ फूट धरले तर २४ लागतात. शेवटच्या भिंतीला रंग कमी पडतो तो इथे. मग काय होतं? पाणी वाढतं. डब्यावरचं निव्वळ माप वाचा आणि ४ चा एक डबा जास्त धरा, तोही त्याच दिवशी त्याच मशीनवर बनवून घ्या. आठवड्याने बनवलेली तीच छटा बाजूला लावली की कधी कधी फरक दिसतो, म्हणून शेवटचा हात देताना एका भिंतीला एकाच डब्यातला रंग वापरायचा.

पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतं. चांगल्या इमल्शनला ४० टक्क्यांच्या आसपास सर्रास सांगतात. पण मग पाण्यासाठी मोजमापाचं भांडं ठेवा. बादलीत मगाने 'अंदाजे' ओतलं की ८० टक्के कधी होतं ते कळत नाही. जास्त पाण्याचा रंग लावताना छान पसरतो, वाळल्यावर ढगाळ दिसतो, आणि सहा महिन्यांनी ओल्या फडक्याने पुसलं की फडक्याला लागतो, कारण रंगाला धरून ठेवणारा चिकटपणा विरळ झालेला असतो.

नवखा७
ज्यांना घरी थांबणं शक्य नाही त्यांनी काय करायचं?

हिशेबवही
जमाखर्च यांची दुरुस्ती मान्य, फरक १३,३६५ धरा.

नवखा७, तुमचा प्रश्न वेळेच्या किमतीचा आहे. २४ हजेऱ्या तीन माणसांत म्हणजे आठ दिवस. दिवसभर बसून राहायची गरज नाही. चार वेळा नजर हवी: घासणी झाल्यावर आणि पुट्टी लागण्याआधी, पुट्टीला पेपर मारून झाल्यावर आणि प्रायमर लागण्याआधी, रंगात पाणी मिसळताना, आणि पहिला हात वाळल्यावर. यातली एक पायरी झाकली गेली की पुढच्या पायरीत ती दिसत नाही, म्हणून वेळ पाळावी लागते. मोजमाप, खरेदी आणि रोजचं संध्याकाळचं बोलणं धरून २० तास जातात. १३,३६५ भागिले २० म्हणजे तासाला ६६८ रुपये. हे २० तास खरंच देता येत असतील तर सुटा रंगारी घ्या. नसतील तर कंपनी घ्या, पण तिचा सुपरवायझर या चार वेळांना येणार का ते लेखी विचारा. अनेक ठिकाणी तो पहिल्या आणि शेवटच्या दिवशीच दिसतो. मग १२,७५० मधला देखरेखीचा भाग तुम्ही फुकट भरलात.

ओल_आणि_खार
वॉरंटीसाठी जादा पैसे देणाऱ्यांनी वॉरंटीचा कागद आधी वाचावा. घरातल्या रंगाच्या बहुतेक वॉरंट्या पोपडे निघण्याला असतात, आणि गळती, ओल, भिंतीची भेग त्यातून वगळलेली असते. आपल्याकडे पोपडे निघतात ते मुख्यतः ओलीमुळेच. म्हणजे ज्या कारणाने बिघडणार, तेच वगळलेलं.

ओल आहे की नाही हे पैसे न घालता कळतं. संशयाच्या जागी, म्हणजे बाथरूमच्या पाठची भिंत, खिडकीखालचा भाग, वरच्या मजल्यावर छताचा कोपरा, तिथे फूटभर बाय फूटभर जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून २४ तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब धरले किंवा भिंत गडद झाली तर पाणी भिंतीतून येतंय. तिथे आधी प्लंबर किंवा वॉटरप्रूफिंगवाला, रंगारी नंतर. पांढरी पूड, म्हणजे खार, दिसत असेल तर प्लास्टिकही लावायला नको, पाणी येऊन गेल्याची ती खूण आहे. कंपनीचा माणूस ओलावा मोजायचं यंत्र लावतो, हा तिच्या पाहणीतला खरोखर चांगला भाग आहे.

सुट्या रंगाऱ्याकडून सर्वात जास्त होणारी चूक वेगळी आहे: जुन्या डिस्टेंपरवर थेट पांढऱ्या सिमेंटची पुट्टी. घासायला दोन हजेऱ्या जातात आणि उक्त्या (ठरलेल्या दराच्या) कामात त्या त्याच्या खिशातून जातात, म्हणून वरवर पत्रा फिरवतो आणि पुट्टी ओढतो. डिस्टेंपर खडूसारखं सुटं असतं. सिमेंटच्या पुट्टीला धरायला घट्ट आणि ओलसर पृष्ठभाग लागतो. वर्षभरात पुट्टीसकट पापुद्रा निघतो. तपास सोपा आहे: कोरड्या तळव्याने भिंत घासा. हाताला पांढरं लागलं तर अजून घासायचंय. पुट्टीची जाडी दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. खोल खड्डा असेल तर तो आधी सिमेंट-वाळूने किंवा फिलरने भरायचा. आणि कालवलेली पुट्टी दोन-अडीच तासांत संपवायची. दुपारी जेवून आल्यावर तीच घमेल्यातली पुट्टी पाणी घालून पुन्हा कालवताना दिसली तर ती टाकून द्यायला सांगा, शंभर रुपयांचं नुकसान झालं तरी चालेल.

म्हणूनच घासणी फुटाच्या उक्त्या दरात ठेवू नये. घासणी रोजावर द्या, बाकी काम अंगावर, म्हणजे ठरलेल्या दराने. घाई करण्यात त्याचा फायदा राहत नाही.

सोसायटीसचिव
वरचं सगळं आतल्या कामापुरतं. इमारतीच्या बाहेरच्या रंगाला हा हिशेब लावू नका, कळकळीने सांगतो.

बाहेरचं काम म्हणजे परांची किंवा झुला (दोरांवर टांगलेला पाट). दोरावर बसलेला माणूस पडला तर त्याच्या घराचं काय, हा पहिला प्रश्न आहे. पैशाचा प्रश्न त्याच्या मागून येतो. ठेकेदाराकडे कामगार भरपाईची विमा पॉलिसी आहे का, तिच्यात माणसांची संख्या आणि कामाच्या तारखा तुमच्या कामाशी जुळतात का, हे प्रत बघून ठरवा. दहा माणसांची पॉलिसी आणि झुल्यावर अठरा माणसं, असं चालत नाही. सेफ्टी बेल्टचा दोर झुल्याला बांधलेला नको, गच्चीवर वेगळ्या आधाराला हवा. झुलाच तुटला तर झुल्याला बांधलेला बेल्ट काय करणार?

सोसायटीने ठेकेदाराला पैसे देताना टीडीएस (बिलातून कापून सरकारकडे भरायचा कर) कापायचा असतो: एका बिलाला ३०,००० च्या वर किंवा वर्षात १ लाखाच्या वर गेलं की व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. पॅन दिला नाही तर २० टक्के. राहत्या घरासाठी खाजगी खर्च करणाऱ्या व्यक्तीला हे लागू नाही. तीन कोटेशनं मागवताना एक सुटा ठेकेदार २० टक्क्यांनी खाली येतो, तेव्हा तो विमा, परांचीचं भाडं आणि कर यातलं काय सोडतोय हे ओळीओळीने विचारा. उत्तर 'काहीच नाही' आलं तर माल पातळ होणार.

पत्रा
रविवारच्या 'प्रायव्हेट' कामाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. कंपनीच्या टोळीतला कारागीर सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी स्वतःचं काम घेतो. टोळीत त्याला हजेरी मिळते, फुटाचा दर ठेकेदाराला. खाडा झाला की शून्य, पावसाळ्यात जून ते ऑगस्ट कामच कमी, आणि गावी जाताना घेतलेली उचल हप्त्याने कापली जाते. एखादी खोली स्वतःच्या दराने रंगवली तर दोन दिवसांत त्याला चार हजेऱ्यांचे पैसे सुटतात. त्यामुळे तो मनापासून काम करतो, आणि हात तोच कंपनीचा असतो.

पण याला एका खोलीची मर्यादा आहे. एक खोली, टचअप, ओल दुरुस्त झालेली एक भिंत, दारांचं ऑइलपेंट एवढंच द्या. पूर्ण फ्लॅट दिला की तो सोमवारी टोळीवर जातो आणि तुमचं घर रविवार ते रविवार प्लास्टिकखाली राहतं. आठ दिवसांचं काम आठवडेच्या आठवडे चालतं. शिवाय मागे धूळ ओढणारं सँडर मशीन कंपनीचं असतं, ते त्याच्याकडे नसणार. हाताने पेपर मारला की घरभर पांढरी धूळ. पंखे, एसी आणि स्विचबोर्ड टेपने बंद करण्याचं काम आदल्या रात्री तुम्हीच करून ठेवा, त्याची अर्धी हजेरी वाचते.

कंपनीच्या चालू कामावरच त्याच माणसाला 'बाकीचं परस्पर कर' म्हणू नका. कंपनीची वॉरंटी जाते आणि त्याची टोळीही जाते. त्याला तुमच्या दोन हजारांच्या बचतीसाठी वर्षाचं काम गमवायला लावणं बरोबर नाही.

दिवाळीआधीचा महिना टाळा. दर चढतात आणि नाक्यावरून आणलेली नवखी पोरं रोलर धरतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी असते, पुट्टी वेळेवर सुकते आणि चांगला कारागीर मोकळा असतो.

टेप_आणि_वही
पैसे कसे द्यायचे ते राहिलं. माल तुम्ही थेट दुकानाला द्या, मग उचल म्हणून मोठी रक्कम द्यायची वेळच येत नाही. मजुरीचे १० टक्के सुरू करताना, ३० टक्के पुट्टीला पेपर मारून झाल्यावर, ४० टक्के पहिला हात झाल्यावर, २० टक्के काम संपल्यावर दहा दिवसांनी. दर शनिवारी माणसांना खर्ची लागते, ती याच टप्प्यांतून वजा धरून द्या आणि वहीत तारीख टाका. शेवटचे २० टक्के मात्र अकराव्या दिवशी न मागता द्या. रंगाऱ्यांची खरी तक्रार हीच असते की काम आवडलं तरी शेवटचे पैसे महिना महिना अडकतात, आणि मग तो पुढच्या गिऱ्हाइकाला दर चढवूनच सांगतो.

कामाच्या चिठ्ठीत एवढं हवं: खोलीवार फूट, ब्रँड आणि मालाचं पूर्ण नाव, छटेचा क्रमांक, कशावर किती हात, घासणी रोजावर की अंगावर, कचरा आणि रिकाम्या गोण्या कोण नेणार.

नवखा७
पेपर मारल्यावर नेमकं काय बघायचं?

बादली२०
रात्री खोलीतले दिवे बंद करा. मोबाइलचा टॉर्च भिंतीला अगदी टेकवून, उजेड भिंतीवरून घसरत जाईल असा धरा. पत्र्याच्या कडांच्या रेघा, खळगे, पेपर न लागलेले उंचवटे यांची सावली पडते. तिथे पेन्सिलने हलका गोल करा (पेन नको, शाई रंगातून वर येते). सकाळी रंगारी तेवढेच गोल दुरुस्त करतो. एका खोलीला वीस-पंचवीस गोल निघणं नेहमीचं आहे, त्यावरून त्याला बोल लावू नका. प्रायमरचा हात झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्च फिरवा, कारण पुट्टीवर न दिसलेल्या केसासारख्या भेगा तेव्हा दिसतात. त्यानंतर मात्र थांबा. रंगाचा हात लागल्यावर काढलेला दोष दुरुस्त करायचा तर पूर्ण भिंत पुन्हा रंगवावी लागते, नुसता पॅच मारला की तो उन्हात वेगळा दिसतो.

आणि उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका. काचेच्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, वर खोलीचं नाव, छटेचा क्रमांक आणि तारीख. पाणी मिसळलेला रंग मात्र बरणीत भरू नका, तो काही आठवड्यांत नासतो आणि वास मारतो.